देवळालीचे कापरेकर मास्तर

जीआरईची तारीख जवळ आली की हॉस्टेलमध्ये एक वेगळाच सीझन सुरू होतो. भिंतींवर फॉर्म्युल्यांचे कागद चिकटतात, शब्दांच्या याद्या बाजूला पडतात आणि रात्री दोन वाजता कुणीतरी दार वाजवून रिमेंडरचा नियम विचारून जातं. तीन वर्षं लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फुरिअर सिरीज केलेल्या इंजिनिअरला शेवटच्या आठवड्यात घाम फुटतो तो साध्या अंकांमुळे! अमुक संख्येला ९ ने भागलं तर बाकी किती, दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले तर फरक किती, हे सगळं आपण सहावी-सातवीत शिकलेलो असतो. पण मधल्या वर्षांत कॅल्क्युलेटर हाताशी आला आणि अंकांशी असलेली ओळख सुटली.

मित्रमैत्रिणींनो, ही ओळख ज्याने आयुष्यभर सुटू दिली नाही असा एक माणूस आपल्याच नाशिकमध्ये होऊन गेला. नाशिक म्हटलं की गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षं आणि नोटांचा छापखाना एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. देवळाली म्हटलं की तोफखाना आणि कॅम्प. पण गणिताच्या जगात देवळालीचं नाव चक्क एका संख्याप्रकाराला दिलेलं आहे, आणि ते देणारा माणूस देवळालीच्या शाळेतला एक साधा मास्तर होता. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद आपण बाजूला ठेवू, पण त्यात आकडेमोड भरपूर असते. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती तिथून. पुढे ठाण्याला शाळेत शिकताना ते तासन्‌तास गणिती कोडी सोडवत बसत. आज आपण मोबाईलवर गेम खेळतो तसंच, फक्त त्यांचा गेम कागदावर चालायचा.

शाळा संपल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. इथे एक गंमत बघा. रँग्लर र. पु. परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले सीनिअर रँग्लर, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. परीक्षा देण्यात त्यांच्याएवढा मोठा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला असेल. पण त्यांच्या नावाचं पारितोषिक मार्कांवर नव्हतं. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते होतं, आणि ते कापरेकरांनी मिळवलं.

१९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. त्यापुढचं शिक्षण झालं नाही. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. १९३० पासून त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी सुरू केली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तीच केली. शाळेव्यतिरिक्त सायकलवरून गावोगाव जाऊन मुलांना शिकवायचं, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचा, सुचलं की लिहायचं आणि पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापायच्या. लायब्ररी नाही, गाईड नाही, फेलोशिप तर नाहीच.

आता त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम. वाचता वाचता कागद-पेन घ्या, कारण हे करून बघितल्याशिवाय मजा कळणार नाही. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. फरक ९९९ आला तर पुढे शून्य लावून ०९९९ असे चार अंक धरायचे.

कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चंही तेच करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! संख्या तिथे अडकते, पुढे जातच नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता. जन्मवर्षाला बरोबर सात लागल्या. या ६१७४ ला जग आज कापरेकर स्थिरांक म्हणतं. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट मांडली आणि पुढे न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ती छापून आली.

हे जादूसारखं वाटतं, पण आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा थोडं आत बघू. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड धरा. वजाबाकी केली की उत्तर नेहमी ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क) एवढंच येतं. म्हणजे पहिली गोष्ट, उत्तर कायम ९ च्या पाढ्यातलं. दुसरी गोष्ट, (अ वजा ड) १ ते ९ मधलं काहीतरी असणार आणि (ब वजा क) त्याहून मोठं असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८९९१ आहेत. पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या या ५४ उत्तरांमध्ये येऊन बसतात! मग ५४ संख्या हाताने तपासणं एका रात्रीचं काम. जादू संपली असं वाटेल, पण मला तरी हे कळल्यावर ६१७४ जास्त आवडायला लागला.

कापरेकर एवढ्यावर थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. या झाल्या कापरेकर संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १८ ही तशी. आणि रामानुजन यांची १७२९ सुद्धा तशीच, कारण अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, कारण ती कल्पना सुचली ते जुन्या जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन त्या नावाचं होतं. आणि आपली देवळाली संख्या? १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले तर २१ तयार होते. पण २० अशी कुठल्याच संख्येपासून तयार होत नाही. ३१ नाही, ४२ नाही, ५३ पण नाही. कुणापासून न जन्मलेल्या या स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं.

आता थोडं कडू. हे सगळं करणाऱ्या माणसाची आपल्या देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी थट्टाच केली. शाळामास्तर, वर एम.ए. पण नाही, आणि हे काय अंकांचे पोरखेळ! खरं सांगायचं तर त्यांच्या आक्षेपात थोडं तथ्य होतं. कापरेकरांच्या बऱ्याचशा गोष्टी आपण दहाच्या पद्धतीने संख्या लिहितो म्हणून घडतात. पद्धत बदलली की चित्र बदलतं. त्यातून कुठली मोठी थिअरी उभी राहिली नाही. पण एखादी गोष्ट मोठी नाही म्हणून तिची थट्टा करायची, हे मला पटत नाही. प्रश्न स्वतः शोधायचा, तो तपासायचा आणि सिद्ध होईपर्यंत सोडायचा नाही, हेच तर संशोधन. कुठल्याही डिग्रीशिवाय ते देवळालीत तीस वर्षं रोज चाललं होतं.

१९६६ मध्ये त्यांच्या पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना. साठी उलटलेले मास्तर पोटासाठी पुन्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. आणि मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. सत्तर वर्षांच्या माणसाचं नाव एकदम जगभर पोचलं. आज कापरेकर स्थिरांक आणि हर्षद संख्या प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये आपल्याला एक्सरसाइज म्हणून येतात. आपण कोड लिहितो, आउटपुट दाखवतो, सही घेतो आणि तो माणूस आपल्या गावचा होता हे विचारतही नाही. १९८६ मध्ये ते गेले. ते वर्षसुद्धा घेऊन बघा. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. जन्मवर्षाच्या वाटेवर जी ८१७२ लागली होती तीच. पुढचा रस्ता एकच, शेवट ६१७४.

आता शेवटच्या आठवड्याकडे वळू. सप्टेंबर २०२३ पासून जीआरईच्या गणितात ४७ मिनिटांत २७ प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण बटणं दाबण्यातच वेळ जातो. समजा प्रश्न आला की दोन अंकी संख्या उलटी करून वजा केली तर फरक ३८ येईल का? ज्याला वरचं ९ चं प्रकरण समजलंय तो पाच सेकंदांत नाही म्हणून पुढे जाईल, कारण ३८ ला ९ ने भाग जात नाही. ज्याने फक्त फॉर्म्युला पाठ केलाय तो एकेक संख्या घालून बघत बसेल. ज्या अंकांच्या खेळाला मोठ्या लोकांनी पोरखेळ म्हटलं, तोच आज परदेशातल्या एम.एस.च्या दारात आपल्याला अडवून उभा असतो!

म्हणून शेवटच्या आठ दिवसांत नवीन जाड पुस्तक उघडू नका. जे येतं त्याचं कारण विचारा. ३ ची आणि ९ ची कसोटी का चालते, ते एकदा स्वतः लिहून काढा. सम-विषमची बेरीज आणि गुणाकार उदाहरणं घेऊन तपासा. २५ पर्यंतचे वर्ग आणि शंभरपर्यंतच्या मूळ संख्या नजरेखालून घाला. चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवा, बरोबर आलेले नकोत. रात्री जागरण करू नका. आणि मेसच्या रांगेत उभं असताना पार्किंगमधल्या एखाद्या एमएच १५ च्या नंबरप्लेटवरचे चार अंक घेऊन ६१७४ पर्यंत मनातल्या मनात चालत जा. सरावही होईल आणि धडधडही कमी होईल.

हे सगळं आठ दिवसांत कापरेकर बनवणार नाही. त्यांची ती साठ वर्षांची सोबत होती. पण परीक्षा झाल्यावरही ही सवय ठेवता येते. स्कोअर पाच वर्षांनी बाद होतो, अंक कुठे जात नाहीत. आणि ज्यांचा स्कोअर मनासारखा येणार नाही, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की नाशिकचं नाव गणितात नेणाऱ्या माणसाकडे पुढच्या शिक्षणाचं एकही सर्टिफिकेट नव्हतं. सगळ्यांना बेस्ट ऑफ लक!