नामदेव महाराज नांदेडला परत आले, त्याची गोष्ट



लहानपणी लातूरहून आजोळी नांदेडला गेलो की गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचोच. तिथल्या ग्रंथात आपले नामदेव महाराज आहेत, हे मात्र मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आजचं चिंतन त्यांच्यावरच.

नामदेवांचा जन्म १२७० चा, घर शिंप्याचं. आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं जन्मगाव, असं परंपरा मानते. पंढरीचा विठोबा त्यांच्या हातचं जेवायचा म्हणे. एवढा लाडका भक्त म्हटल्यावर थोडा अहंकार आलाच. संतांच्या मेळ्यात तेरच्या गोरोबाकाकांनी थापटीने सगळ्यांची डोकी तपासली, तेव्हा नेमकं नामदेवांचंच मडकं कच्चं निघालं!

मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले. विसोबा शांतपणे म्हणाले की जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय जिकडे न्यावेत तिकडे पिंड! विठ्ठलाच्या भक्ताला गुरू भेटला तो शंकराच्या देवळात. देव फक्त आपल्याच देवळात असतो, हा हट्ट तिथे सुटला.

तो सुटला म्हणूनच १३३८ मध्ये मंगळवेढ्याला भिंतीखाली दबून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या. ज्यांना देवळात पाऊल ठेवता आलं नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर झाली.

नामदेव पंजाबातही बरीच वर्षं राहिले, घुमानला. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात कबीर, रविदास आणि शेख फरीद यांच्या शेजारी नामदेवांनाही जागा दिली. आज त्यात त्यांची ६१ पदं आहेत. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथाला गुरुपद दिलं, ते आपल्या नांदेडात. म्हणजे मराठवाड्याचे नामदेव शब्दरूपाने मराठवाड्यात परत आले, आणि तेही दुसऱ्या धर्माच्या गुरुग्रंथातून.

परवा फॅमिली ग्रुपवर दुसऱ्या धर्माची टिंगल करणारा एक मेसेज आला. मी हसलो, फॉरवर्डही करणार होतो. तेवढ्यात औंढ्याची पिंड आठवली. माझं मडकं अजून कच्चंच आहे, मंडळी.

आज एवढंच करू या: असा मेसेज आला तर तो आपल्यापाशीच थांबवू या.

राम कृष्ण हरी!