दोन पेंटर, एक कॅमेरा

व्ही. शांताराम सगळ्यांना माहीत असतात. त्यांचे गुरू बाबुराव पेंटर थोड्यांना, आणि आनंदराव तर जवळजवळ कुणालाच नाही.

बाबुराव मेस्त्री १८९० साली कोल्हापुरात कारागिराच्या घरी जन्मले. ते आणि नात्याने भाऊ असलेले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच पेंटर पडलं. पुढे दोघांना सिनेमाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा परवडेना, मग ठरलं, आपणच बनवू! ना डिग्री, ना डिप्लोमा.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धाच होता. आपल्यापैकी कुणीही असता तर प्रोजेक्ट बदलला असता. बाबुरावांनी शिष्य दामल्यांना सोबत घेऊन तो १९१८ मध्ये पुरा केला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात लागला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ पदवी दिली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. आपल्या विदर्भात ही गोष्ट आजही जुनी वाटत नाही.

१९५४ मध्ये बाबुराव गेले. पदवी त्यांच्या नावावर आहे, पण त्या कॅमेऱ्यात अर्धी मेहनत आनंदरावांची होती. त्यातून निघालेलं एकही चित्र त्यांना बघायला मिळालं नाही.