डॉ. रुस्तम जाल वकील

विद्यार्थ्यांनो, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वर्षानुवर्षे हिशेब लिहिणारे एखादे म्हातारे चाचा डोळ्यांसमोर आणा. त्यांचे अक्षर हळूहळू बारीक होत चालले आहे. ते मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसले, की बोटे तसबीह फिरवल्यासारखी हलू लागतात. चहाचा कप घ्यायला हात पुढे केला, की कंप थोडा कमी होतो. पण चालताना पाऊल लवकर उचलत नाही. लोक म्हणतात, वय झाले! पण हे केवळ वय नव्हे, हा कंपवात असू शकतो. उर्दूत कंपाला रअशा म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

या आजाराचे कोडे सुटायला एका मुळीची मदत झाली. ती मुळी जगापुढे आणणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांची ही गोष्ट आहे. गंमत अशी, की ते कंपवाताचे नव्हे, हृदयाचे डॉक्टर होते!

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रुग्ण तपासू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचाही रक्तदाब फार वाढलेला होता. जिथे अध्यक्षांचे असे झाले, तिथे परळच्या गिरणी कामगाराला काय मिळणार?

आपल्याकडे मात्र सर्पगंधा नावाची वनस्पती होती. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. तिची मुळी आपले वैद्य आणि हकीम पूर्वीपासून देत आले होते. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ साली या मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच साली कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी या मुळीने रक्तदाब उतरतो असे लिहिले. पण परदेशात त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

डॉ. वकील यांनी मोजमाप हाती घेतले. औषधाआधी रक्तदाब किती होता, नंतर किती झाला, त्रास काय झाला, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. पन्नास रुग्णांच्या या नोंदी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. मग जगभर सर्पगंधेची मागणी वाढली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य निघाले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

रेसरपीन मनोरुग्णांनाही देऊ लागले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. काहींचे अंग ताठ होई, हात कापू लागत. औषध थांबवले, की बहुधा हे थांबे. औषधाचा हा दोषच शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला, हे मला यातले सर्वांत नवलाचे वाटते.

१९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन टोचले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. याचा उलगडा पुढे झाला. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यासाठी डोपामीन नावाचे रसायन लागते. रेसरपीनमुळे त्याचा साठा रिकामा होतो आणि लेव्होडोपापासून मेंदू ते पुन्हा तयार करतो. १९६० साली व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी कंपवाताने वारलेल्यांचे मेंदू तपासले. त्यांतही डोपामीन फार कमी होते. ते तयार करणाऱ्या पेशीच मेल्या होत्या. मग डोपामीनच का देऊ नये, असे तुम्ही विचाराल. रक्तातून ते मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरते. आणि लेव्होडोपा कुठे सापडते? कोकणच्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही! युनानीत त्यांना कौंच म्हणतात. पण त्या स्वतःच्या मनाने खायच्या नाहीत हं.

डॉ. वकील २० नोव्हेंबर १९७४ रोजी वारले. तोपर्यंत लेव्होडोपाच्या गोळ्या कंपवाताच्या रुग्णांना मिळू लागल्या होत्या. आज रक्तदाबावर नवी औषधे आली आहेत आणि रेसरपीन मागे पडले आहे. लेव्होडोपाने मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. पण कळंबोलीचे आपले चाचा सकाळी गोळी घेतात, थोडा वेळ बसून राहतात, आणि मग उठून स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावतात.