एल्फिन्स्टन : जिंकलेल्या मुलखाचा कारभारी

लोणावळा-खंडाळा ही ठिकाणे एल्फिन्स्टनने १८७१ साली शोधून काढली, असे पर्यटकांसाठी छापलेल्या पुस्तिकांतून मी अनेकदा वाचले आहे. पेशवाई बुडवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ साली वारला आणि त्याचा पुतण्या, मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, १८६० साली. शिवाय जेथे कार्ले-भाज्यांची लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, तो मुलूख कोणी शोधायचा राहिला होता? माउंटस्टुअर्टचे आमच्या मावळाशी नाते आहे ते निराळे. जिंकलेला हा मुलूख चालवावा कसा, हे त्याने ठरविले.

१७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना शरण आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्कॉटलंडमध्ये याचा जन्म झाला. १७९६ मध्ये, ऐन पोरवयात, तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला. १८०३ साली असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता. पुढे नागपूरची रेसिडेंटी आणि काबूलची वकिलात करून १८११ साली तो पुण्यास रेसिडेंट झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा मराठी फौजेने संगमावरील त्याचा बंगला जाळला. त्यात त्याची पुस्तके गेली. मार्च १८१८ मध्ये लोहगड-विसापूर पडले आणि जूनमध्ये बाजीराव शरण गेला.

आता एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. साताऱ्याचे राज्य प्रतापसिंह महाराजांसाठी वेगळे काढून उरलेल्या मुलखाचे त्याने पुणे, अहमदनगर, खानदेश आणि कर्नाटक असे चार भाग केले व प्रत्येकावर एक कलेक्टर नेमला. पुण्यास रॉबर्टसन आला. बाजीरावाच्या काळातील वसुलीचे मक्ते बंद झाले, मामलेदार पगारी झाले. परंतु पाटील, कुलकर्णी, पंचायत, इनामे, देवस्थाने यांना शक्यतो हात लावू नये, असे त्याचे धोरण होते. १८१९ च्या आपल्या अहवालात त्याने आमच्या गावगाड्याचे बारकाईने वर्णन केले आहे.

जपानने १९१० साली कोरिया गिळला. तेथे तेरा प्रांतांवर गव्हर्नर बसले, लष्करी पोलीस गावोगाव फिरले आणि १९१८ पर्यंत सगळ्या जमिनीची मोजणी झाली. एल्फिन्स्टनची रीत त्याहून सौम्य होती, हे कबूल करावे लागेल. पण सौम्य म्हणून ती कमी पक्की होती काय?

मला हा प्रश्न घरचा वाटतो. आमच्या घराण्यात पाटीलकी होती. १९६२ च्या कायद्याने ती गेली. इंग्रजांनी आमचा मान राखला, असे घरात अभिमानाने सांगितले जाई. मान राहिला, हे खरेच. मात्र गावाच्या वतीने सरकारशी भांडणारा पाटील हळूहळू सरकारच्या वतीने गावाला दटावू लागला. पागोटे तेच राहिले, धनी बदलला. गडावरील शिबंदीला तर तेवढेही मिळाले नाही. ज्यांची चाकरी सुटली ते रामोशी-कोळी पुढे बंडात उतरले. उमाजी नाईक १८३२ साली पुण्यात फासावर गेले.

१८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. या काळात त्याने कायद्यांची संहिता केली, मराठी-गुजराती शालेय पुस्तकांना आश्रय दिला आणि दक्षिणेच्या पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघू दिली. तो गेल्यानंतर प्रिंगलने पुणे जिल्ह्यात बसविलेला धारा इतका जड झाला की कुणबी जमिनी टाकून गेले. एका भल्या अधिकाऱ्याची समजूत त्याच्या बदलीबरोबर संपते; सत्ता मात्र मागे राहते. विलायतेत त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, गव्हर्नर-जनरलचे पद नाकारले आणि अविवाहितच राहून तो वारला.

त्याची विद्वत्ता आणि साधेपणा यांबद्दल मला आदर आहे. तरीही आपले गाव इतके नीट समजून घेणारा माणूस ते आपल्यासाठी नव्हे, तर आपल्यावर राज्य करण्यासाठी समजून घेत होता, हे मावळच्या मुलांनी विसरू नये. आता गाव आपले आहे. त्याने ते जितके अभ्यासले, तितके तरी आपण अभ्यासले पाहिजे.