फणसाच्या झाडाची किंमत ओळखणारा अमात्य

जून आला की तुमच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येतो. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असं शिवाजी महाराजांचं पत्र. तुम्हीही तो फॉरवर्ड केला असेल. विचार महाराजांच्याच तालमीतला आहे, यात शंका नाही. पण तो ज्या ग्रंथात सापडतो त्याचं नाव ‘आज्ञापत्र’. महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी, 1715-16च्या सुमारास तो लिहिला गेला आणि त्याचे कर्ते मानले जातात रामचंद्रपंत अमात्य. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव महाराजांचे मुजुमदार होते. म्हणजे हिशेब, जमाखर्च हे बाळकडूच. 1674च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांमधलं अमात्यपद तरुण रामचंद्रपंतांकडे आलं. पुढे 1689 उजाडलं. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीकडे निघून गेले. मागे उरला औरंगजेबाच्या फौजांनी वेढलेला महाराष्ट्र. तो सांभाळायला राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब आणि राजाच्या बरोबरीचे अधिकार दिले. खजिना रिकामा, किल्ले एकेक करून जाताहेत, आणि वयाची चाळिशीही उलटली नसावी! शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांना हाताशी धरून पंतांनी राज्य तगवलं.

माणसं टिकवायला त्या दिवसांत वतनं वाटावी लागली. पुढे त्यांनीच आज्ञापत्रात वतनदारांपासून सावध राहायला सांगितलं. आजची नड भागवताना उद्याचं काय गमावतोय, हा हिशेब त्यांना अनुभवातून कळला होता. लाकडाबद्दल लिहिताना तोच हिशेब दिसतो.

विषय आरमाराचा आहे. समोर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज. गुराबा, गलबतं बांधायची तर लाकूड हवं, तेही टिकाऊ. सगळ्यांत सोपा मार्ग कोणता? गावात शिरायचं आणि परसातला फणस, बांधावरचा आंबा आडवा करायचा. सरकारी माणसाला अडवणार कोण? पंतांनी नेमका तोच मार्ग बंद केला. सागासारखी झाडं लागतील तेवढीच, तीही हुजूरची परवानगी घेऊन तोडायची. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणायचं. आंबा-फणस तर वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ते जीव लावून वाढवलेले असतात, म्हणून जबरदस्ती अजिबात नाही. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या समाधानानं घ्यायचं. गडाभोवतीच्या झाडीबद्दल तर ते आणखी कडक आहेत: तिथली एक काठीसुद्धा तुटता कामा नये, कारण ती झाडी म्हणजे गडाचं संरक्षणच.

यात भाबडेपणा नाही, लाकडाची जाण आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. फणसाचं लाकूड कापल्यावर पिवळं दिसतं, हवा लागून तपकिरी होत जातं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आंबा त्या मानानं मऊ. ओल लागली की लवकर खराब होतो.

तुम्ही पाटणला शिकत असाल तर हे सगळं तुमच्या दाराशी आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या जुन्या घरांचे खांब आणि वासे जरा निरखून बघा. कुठे ऐन, कुठे किंजळ, कुठे फणस दिसेल. वर डोंगरात कोयना अभयारण्य आहे, जे 2010पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आणि आपल्या राज्याचा 1964चा वृक्षतोड नियमन कायदा उघडून पाहा. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, सगळे त्याच्या यादीत आहेत. झाड तुमच्या स्वतःच्या बांधावर असलं तरी तोडायला परवानगी लागते. पंत ज्या परवानगीबद्दल बोलत होते, तिचंच हे आजचं रूप म्हणा ना!

पण कायदा तरी किती ठिकाणी पुरणार? घरात लग्न निघालं, हॉस्पिटलचं बिल आलं की शेतकऱ्याच्या दारात लाकूडवाला उभा राहतो आणि जुना फणस मिळेल त्या भावात जातो. मालकाचं समाधान ही पंतांची अट इथेच महत्त्वाची ठरते. झाड राखणाऱ्याला झाड राखून काही मिळालं, तरच ते राहील. आपल्याही हातात थोडं आहेच. जुन्या वाड्याच्या तुळया जळणात न घालता त्यांचं टेबल करता येतं. आजोबांचं कपाट टाकून देण्याआधी ते घासून त्यावर चपडा लाखेचं पॉलिश मारून बघा. लाकूड ओलीपासून वाचलं की त्याचं आयुष्य वाढतं, आणि तेवढं एक नवं झाड तोडायचं टळतं.

आज्ञापत्रानंतर लवकरच, 1716मध्ये पंत गेले. पन्हाळ्यावर त्यांची समाधी आहे. ट्रिपला गेलात तर सेल्फी काढून झाल्यावर दोन मिनिटं तिथे थांबा. आणि यंदाच्या जूनमध्ये तो मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी त्यात रामचंद्रपंतांचं नाव घाला.