घराकडची वाट

१९३९ साल नुकतेच उजाडले होते. चीनमधल्या चुंगकिंग शहरात पाच भारतीय डॉक्टर येनानला जाण्याच्या तयारीत होते. त्यांच्यातल्या अठ्ठावीस वर्षांच्या द्वारकानाथ कोटणिसांना घरून बातमी आली, वडील गेले.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेले हे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले होते. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. डॉ. अटल पथकाचे प्रमुख, चोळकर नागपूरचे, बसू आणि मुखर्जी कलकत्त्याचे, तर मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस सोलापूरचे.

आपल्याकडे घरातले माणूस गेले की दुःख एकट्याला वाहावे लागत नाही. खांदा द्यायला चार जण येतात, शेजारघरून पिठलं-भात येतो, तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा असते. कोटणिसांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. पण निदान वर्षभर सेवा करण्याचा शब्द दिला होता. तो पुरा केल्याशिवाय परतायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

हा निर्णय ऐकायला सोपा वाटतो. माझी नोकरी बँकेतली. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरशी उभे राहिलेले मुलगे मी कितीतरी पाहिले. त्या वेळी घराला मुलाची गरज पैशांहूनही जास्त असते. त्यागाचे कौतुक करताना सोलापुरात मागे राहिलेली आई आपल्याला सहसा आठवत नाही. कोटणिसांना ती आठवत नसेल असे कसे म्हणावे?

फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे सहकारी एकेक करून परतले. कोटणीस मात्र उत्तरेकडच्या आघाडीवर गेले, चिनी भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. कॅनडाचे डॉ. बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने दगावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मूल साडेतीन महिन्यांचे होते. अपस्माराचे झटके येत असतानाही कोटणिसांनी काम सोडले नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. परक्या देशात मुलाने सोसलेला आघात आता पत्नीच्या वाट्याला आला. आणि १९६७ मध्ये, वैद्यकीचे शिक्षण घेत असलेला यिनहुआही तिला सोडून गेला.

छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्या निवर्तल्या. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये कोटणिसांवर चित्रपट काढला, सोलापुरातल्या त्यांच्या घराचे स्मारक झाले. वर्षभरासाठी गेलेला मुलगा घरी परतला नाही, पण त्याची पत्नी मात्र ती वाट चालत सोलापूरच्या माणसांपर्यंत आली.