क्रांतिकारक ते कृषितज्ज्ञ : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

म्हैसूरसारख्या कन्नड नगरीत मराठी शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, आयुष्याचा मोठा भाग परभूमीत घालवूनही मायभूमीचा ध्यास न सोडणाऱ्या एका मराठी पुरुषाचे स्मरण उचित ठरेल.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाने सशस्त्र क्रांतीची सिद्धता करण्यासाठी देश सोडला व जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि कृषिशास्त्राचाही अभ्यास केला. दुष्काळांनी गांजलेल्या मध्य प्रांतात वाढलेल्या या तरुणाला स्वातंत्र्य आणि अन्न हे दोन प्रश्न वेगळे वाटत नव्हते.

१९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या सशस्त्र उठावाच्या तयारीत खानखोजे अग्रभागी होते. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले आणि तेथील टोळ्यांशी संधान बांधून इंग्रजांविरुद्ध लढले. पण युद्ध संपले, तसा उठावाचा मनसुबाही विरला. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त प्रभृतींसह साहाय्याच्या अपेक्षेने ते मॉस्कोला गेले. तेथेही निराशाच पदरी पडली. मायदेशी परतणे तर अशक्यच होते.

अशा वेळी खचून जाण्याऐवजी त्यांनी आपली दुसरी विद्या हाती घेतली. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले. क्रांतीनंतर तेथे शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न ऐरणीवर होता. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर अन्नाच्या पंक्तीचे चित्र रंगविले; त्यात भाकरी वाटणाऱ्या पुरुषाला खानखोजे यांचा चेहरा आहे. ज्या देशाची भाषाही त्यांना नव्याने शिकावी लागली, त्या देशाने दिलेला हा मान होता.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. तथापि इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव तसेच राहिल्याने त्यांना आरंभी प्रवेशही नाकारण्यात आला. ज्या स्वातंत्र्यासाठी चार दशके वनवास भोगला, त्याच्याच दारात थांबावे लागण्याचे हे दुःख केवढे असेल! अखेर १९४९ साली ते मायदेशी आले. पुढे नागपुरात स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांचा उठाव यशस्वी झाला नाही. त्यांनी पेरलेले बियाणे मात्र परक्या मातीतही रुजले. जेथे राहावे, तेथील माणसांच्या उपयोगी पडावे आणि आपले मूळही विसरू नये, हा धडा महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी मोलाचा आहे.